आत्याचा आजार माहेरच्या इतिहासात मोजायचा की नाही? (स्तनाच्या कर्करोगाची जोखीम)

सायली_कोल्हापूर

नमस्कार. माझे वय ३६ असून मला सहा वर्षांची एक मुलगी आहे. गेल्या महिन्यात माझ्या थोरल्या बहिणीच्या डाव्या स्तनात गाठ आढळली आणि बायोप्सीनंतर कर्करोगाचे निदान झाले. तिचे वय ४१ आहे. अहवालात ‘ट्रिपल निगेटिव्ह’ (म्हणजे इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि एचईआर-२ या तिन्ही चाचण्या नकारात्मक असलेला प्रकार) असा शेरा आहे. उपचार सुरू होत आहेत आणि त्याबाबत आम्ही समाधानी आहोत. माझा प्रश्न वेगळा आहे.

ताईने दोन्ही मुलांना दीड-दीड वर्ष अंगावर पाजले. ती निर्व्यसनी आहे, वजन आटोक्यात आहे आणि रोज पहाटे रंकाळ्यावर फिरायला जाते. मग तिलाच हा आजार का व्हावा? भेटायला येणारे प्रत्येक जण एक नवे कारण सांगून जातात. घट्ट अंतर्वस्त्रे, डिओडरंट, प्लॅस्टिकच्या डब्यातले गरम जेवण, इतकेच काय, शाळेत असताना छातीला लागलेला चेंडूसुद्धा आठवून झाला.

डॉक्टरांनी घरात आणखी कुणाला हा आजार झाला होता का, असे विचारले तेव्हा आईने ‘कुणालाच नाही’ असे सांगितले आणि ते खरेही आहे, कारण आजी ८४ वर्षे जगली आणि तिन्ही मावश्या धडधाकट आहेत. मात्र वडिलांच्या बहिणीचे, म्हणजे आमच्या आत्याचे, १९९८ मध्ये वयाच्या ४७ व्या वर्षी ‘पोटात पाणी होऊन’ निधन झाले होते. त्या वेळी अंडाशयाचा कर्करोग हे शब्द मी दाराआडून ऐकल्याचे आठवते. आत्या सांगलीला दिलेली होती, उपचार तिकडेच झाले, आणि तो आजार स्तनाचा नव्हता. त्यामुळे तो आमच्या हिशेबात धरायचा की नाही, हे कळत नाही. माझी स्वतःची जोखीम किती, आणि मी आता काय करावे?

निवृत्त_शल्यचिकित्सक

सायलीताई, आपल्या शेवटच्या परिच्छेदाचे उत्तर आधी देतो, कारण तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. आत्याचा आजार मोजायचाच. स्तन आणि अंडाशय या दोन्ही अवयवांच्या कर्करोगाचा धोका एकाच वेळी वाढवणारी जनुके आहेत. त्यांपैकी बीआरसीए-१ हे सतराव्या गुणसूत्रावर असल्याचे अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये दाखवून दिले. या जनुकातील दोष आईकडून जितका येऊ शकतो तितकाच वडिलांकडूनही येतो. वडील स्वतः ठणठणीत असतात, म्हणून त्यांच्या बाजूचा विचार कुणाच्या मनात येत नाही. त्यात आपल्याकडची आणखी एक अडचण अशी की मुलगी लग्न होऊन गेली की तिचा आजारही सासरचा होतो. ओपीडीत चाळीस वर्षे हा प्रश्न विचारताना मी ‘आत्या आहेत का? त्या कशाने गेल्या?’ असे वेगळे विचारायला फार उशिरा शिकलो, हे कबूल करतो.

आता ‘ताईलाच का’ याविषयी. जोखीम-घटक आणि कारण या दोन गोष्टींची आपण सतत गल्लत करतो. जोखीम-घटक म्हणजे हजारो स्त्रियांच्या समूहात ज्याच्यामुळे आजाराचे प्रमाण थोडे वर-खाली होते ती बाब. एखाद्या विशिष्ट स्त्रीला आजार का झाला, हे त्यावरून सांगता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार या कर्करोगाचे निदान होणाऱ्या सुमारे निम्म्या स्त्रियांमध्ये, स्त्री असणे आणि वय वाढणे यांखेरीज, कोणताही ठरावीक घटक आढळत नाही.

स्तनपानाचेच पाहा. तीस देशांतील ४७ अभ्यास एकत्र करून २००२ मध्ये जे विश्लेषण प्रसिद्ध झाले, त्यानुसार स्तनपानाच्या दर १२ महिन्यांमागे जोखीम सुमारे ४.३ टक्क्यांनी आणि प्रत्येक बाळंतपणामागे आणखी ७ टक्क्यांनी कमी होते. आपल्या बहिणीचे तीन वर्षांचे स्तनपान आणि दोन बाळंतपणे यांचा मिळून फायदा साधारण चौथा हिस्सा धरता येईल. हा फायदा खरा आहे, पण तो मूळ जोखमीच्या चौथ्या हिस्स्याइतकाच आहे. उरलेले तीन हिस्से तसेच राहतात.

हा संबंध लोकांच्या लक्षात आला तो मात्र फार पूर्वी. इटलीतील वैद्य रामाझ्झिनी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभीच नोंदवले होते की मठांतील जोगिणींमध्ये हा आजार इतर स्त्रियांपेक्षा अधिक दिसतो. ब्रिटनमध्ये डॉक्टर जेनेट लेन-क्लेपन यांनी १९२६ मध्ये ५०० रुग्ण आणि ५०० निरोगी स्त्रियांची तुलना करून अपत्यसंख्या आणि स्तनपान यांचा संबंध पद्धतशीरपणे मांडला. आपल्याकडे १९६३ मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या कर्करोग नोंदणीत पारशी स्त्रियांमधील प्रमाण इतर समाजांपेक्षा ठळकपणे अधिक दिसले, तेव्हा उशिरा होणारे विवाह आणि कमी मुले यांकडेच प्रथम बोट दाखवले गेले. पुढे १९८७ मध्ये बार्शीला देशातील पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली आणि तेथील स्त्रियांमधील प्रमाण मुंबईपेक्षा बरेच कमी निघाले. पाळी लवकर येणे, रजोनिवृत्ती उशिरा येणे, पहिले मूल तिशीनंतर होणे किंवा मूल न होणे, या सर्वांच्या मुळाशी एकच धागा आहे: स्तनाच्या पेशी आयुष्यातील किती वर्षे इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाच्या प्रभावाखाली राहिल्या. रजोनिवृत्तीनंतर वाढलेले वजनही याच वाटेने त्रास देते, कारण तेव्हा इस्ट्रोजेन मुख्यतः चरबीत तयार होते. मद्याचे प्रमाण थोडे असले तरी जोखीम वाढते, हे आता वादातीत आहे.

डिओडरंट, अंतर्वस्त्रे आणि चेंडू यांचा या आजाराशी संबंध दिसून आलेला नाही. पाहुण्यांना चहा द्यावा आणि विषय बदलावा.

मिलिंद_ना

वरील प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, परंतु मानसिक ताणाचा उल्लेख राहून गेला असे वाटते. माझ्या पाहण्यातील तीन स्त्रियांना मोठ्या कौटुंबिक आघातानंतर वर्ष-दोन वर्षांत हा आजार झाला. हा केवळ योगायोग म्हणावा का?

निवृत्त_शल्यचिकित्सक

मिलिंदराव, उल्लेख हेतुपुरस्सर टाळला होता. हातांना जाणवण्याइतकी गाठ व्हायला पेशींना बहुधा कित्येक वर्षे लागतात. त्यामुळे निदानाच्या आदल्या वर्षीचा आघात हे त्या गाठीचे मूळ असणे कठीण आहे. शिवाय चाळिशी-पन्नाशीच्या कोणत्याही माणसाला मागच्या दोन वर्षांतील एखादे दुःख आठवायला सांगितले, तर ते आठवतेच. मोठ्या अभ्यासांमध्ये ताण आणि हा कर्करोग यांचा थेट संबंध खात्रीने सिद्ध झालेला नाही. ताणामुळे मद्य वाढले किंवा वजन वाढले, तर त्यातून होणारा परिणाम ही वेगळी गोष्ट आहे.

माढेकर_वहिनी

मी डॉक्टर नाही. सात वर्षांपूर्वी, वयाच्या ४५ व्या वर्षी, मला हा आजार झाला आणि वरच्या यादीतील एकही घटक माझ्यात नव्हता. तीन मुले, पहिले बाळंतपण एकविसाव्या वर्षी, तिघांनाही भरपूर दूध, शेतातले काम आणि घराण्यात कुणालाही हा आजार नाही. माझी गाठ दुखत नव्हती, म्हणून मी सात महिने थांबले. ‘आपल्याला कसा होईल’ हा विश्वास मला त्याच यादीने दिला होता, कारण आरोग्य शिबिरात कोणाला धोका अधिक असतो हे फलकावर लिहिलेले मी वाचले होते आणि त्यात मी बसत नव्हते.

सायली, ताईने काय चुकवले हा हिशेब तिच्यासमोर कुणालाही मांडू देऊ नकोस. माझ्या जावेने केमोच्या तिसऱ्या सायकलला मला विचारले होते की, धाकट्याचे दूध लवकर तोडले होते का? मी तेव्हा रडले नाही, पण घरी आल्यावर खरोखर महिने मोजत बसले होते. आजार झाल्यावर त्या मोजणीचा रुग्णाला काडीचाही उपयोग नसतो.

डॉक्टरसाहेबांना एक विनंती आहे. टक्केवारी वाचून घाबरणाऱ्या बायका आहेत तशाच निश्चिंत होणाऱ्याही आहेत. दोघींनाही गाठ हाताला लागली की आठवड्याच्या आत दाखवायचे, हे एकदा ठळकपणे लिहावे.

निवृत्त_शल्यचिकित्सक

वहिनी, आपले म्हणणे पूर्णपणे मान्य आहे. न दुखणारी गाठ ही दुखणाऱ्या गाठीपेक्षा अधिक संशयास्पद असते. स्तनाग्र आत ओढले जाणे, त्यातून रक्तमिश्रित स्राव येणे, कातडीवर संत्र्याच्या सालीसारखे खड्डे दिसणे, ही लक्षणेही तितकीच महत्त्वाची आहेत. मुंबईच्या वस्त्यांमधील सुमारे दीड लाख स्त्रियांवर टाटा मेमोरियलने १९९८ पासून वीस वर्षे जो अभ्यास केला, त्यात प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी केवळ हाताने स्तनांची तपासणी करीत होत्या. त्या गटात आजार अधिक लवकरच्या अवस्थेत सापडला, आणि पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांमध्ये मात्र मृत्यू घटल्याचे दिसले नाही, हेही सांगायला हवे.

समुपदेशक_पुणे

मी जनुकीय समुपदेशनाचे काम करते. सायलीताईंनी दिलेल्या माहितीत तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत: ४१ वर्षांचे वय, ट्रिपल निगेटिव्ह प्रकार आणि त्याच रक्ताच्या नात्यातील अंडाशयाचा कर्करोग. यांपैकी एकही पुरेशी असते. तिन्ही असताना बीआरसीए तपासणीचा विचार न करणे योग्य ठरणार नाही. अर्थात सर्व स्तनकर्करोगांपैकी आनुवंशिक असे फक्त पाच ते दहा टक्केच असतात, आणि ट्रिपल निगेटिव्ह असलेल्या बहुसंख्य स्त्रियांमध्येही हा दोष सापडत नाही.

तपासणी आपण स्वतःची आधी करून घेऊ नये. पहिली तपासणी नेहमी ज्या व्यक्तीला आजार झाला आहे तिची करावी. आपला अहवाल दोषरहित आला आणि ताईची तपासणीच झाली नसेल, तर त्या अहवालातून काहीच निष्पन्न होत नाही. घराण्यात दोष आहे आणि तो आपल्याकडे आला नाही, की दोष मुळात दुसऱ्याच कुठल्या जनुकात आहे, हे कळायला मार्ग राहत नाही. ताईंमध्ये ठरावीक दोष सापडला तर तोच नेमका आपल्यात शोधता येतो. तो आपल्यात असण्याची शक्यता अगदी निम्मी असते, आणि तो नसेल तर आपली जोखीम साधारण इतर स्त्रियांइतकी मानली जाते. शिवाय शस्त्रक्रिया किती करावी आणि कोणती औषधे द्यावीत, या ताईंच्या स्वतःच्या उपचारांतील निर्णयांनाही या अहवालाचा उपयोग होतो, म्हणून तो शस्त्रक्रियेपूर्वी हाती आलेला बरा.

दोष सापडलाच तर आकडे लहान नाहीत. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीनुसार बीआरसीए-१ दोष असलेल्या स्त्रियांना वयाच्या ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याचे प्रमाण सुमारे ७२ टक्के आणि अंडाशयाचा होण्याचे सुमारे ४४ टक्के होते. याउलट, जिची आई, बहीण किंवा मुलगी यांपैकी एकीला आजार झाला आहे, अशा स्त्रीची सरासरी जोखीम पाश्चात्त्य देशांत त्याच वयापर्यंत १३ टक्क्यांच्या आसपास असते, आणि जवळच्या नात्यात कुणालाही झालेला नसेल तर आठ टक्क्यांच्या आसपास. भारतातील मूळ प्रमाणच कमी असल्यामुळे हे आकडे आपल्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत. तरीही ‘बहिणीला झाला’ आणि ‘बहिणीत जनुकीय दोष सापडला’ या दोन विधानांमधील अंतर त्यावरून स्पष्ट व्हावे.

कधी कधी अहवालात ‘अर्थ अनिश्चित असलेला बदल’ असे येते. तो दोष समजून कुणीही शस्त्रक्रियेचा निर्णय घेऊ नये. आपल्या मुलीची तपासणी आता करायची नसते. ती सज्ञान झाल्यावर तिचा निर्णय ती घेईल.

सायली_कोल्हापूर

सर्वांचे मनापासून आभार. वहिनींचा प्रतिसाद मी ताईला वाचून दाखवला; ती बराच वेळ काही बोलली नाही आणि नंतर म्हणाली की, पाहुण्यांना आता तूच बाहेर बसव.

दोन गोष्टी कळवते. सांगलीच्या आतेभावाला फोन केला तेव्हा त्याने आत्याची जुनी फाइल ट्रंकेतून शोधून काढली. त्यात शस्त्रक्रियेनंतरचा अहवाल असून ‘अंडाशय, पॅपिलरी सीरस कार्सिनोमा’ असे टंकलिखित आहे. दुसरे म्हणजे, मला पाळीच्या अतिस्रावासाठी दोन महिन्यांपूर्वी गर्भनिरोधक गोळ्या सुचवल्या होत्या आणि त्या मी घेत आहे. त्या बंद कराव्यात का? आतेभावाला दोन मुली आहेत, एक बावीस वर्षांची आणि दुसरी एकोणीस. त्याला काय सांगावे, हेही सुचत नाही.

निवृत्त_शल्यचिकित्सक

गोळ्यांनी स्तनाच्या कर्करोगाची जोखीम किंचित वाढते. डेन्मार्कमधील सुमारे १८ लाख स्त्रियांच्या पाहणीत वर्षभर गोळ्या घेणाऱ्या साधारण ७,७०० स्त्रियांमागे एक जादा रुग्ण आढळला. दुसरीकडे याच गोळ्या अंडाशयाच्या कर्करोगाची जोखीम बरीच कमी करतात, आणि आपल्या घराण्यात प्रश्न दोन्ही अवयवांचा आहे. त्यामुळे मनाने बंद करू नका. ज्यांनी त्या लिहून दिल्या त्यांना ताईचे निदान आणि आत्याचा अहवाल या दोन्ही गोष्टी सांगा, कारण गोळ्या सुचवल्या तेव्हा त्यांना हे ठाऊक नव्हते. दरम्यान स्वतःचे स्तन एकदा तज्ज्ञांकडून तपासून घ्या.

समुपदेशक_पुणे

अहवालातील तो प्रकार नेमका बीआरसीए घराण्यांत आढळणारा आहे. फाइलची छायाप्रत ताईंच्या डॉक्टरांकडे पहिल्या भेटीतच द्या. आतेभावाला आज काहीही निष्कर्ष सांगू नका. ताईंचा अहवाल आल्यावर त्यात दोष निघाला, तर पुढची तपासणी त्याच्या मुलींची नव्हे, त्याची स्वतःची करायची असते, कारण आत्याकडून दोष आला असेल तर तो त्याच्यातूनच पुढे जाऊ शकतो. त्याच्यात नसेल तर आत्याच्या बाजूने मुलींकडे तो येण्याचा प्रश्नच उरत नाही. पुरुषाची तपासणी कशाला, असे तो विचारील. तेव्हा त्याला माझ्याशी थेट बोलायला सांगा.