मदत हवी आहे: फॉग लॅम्पमध्ये १९ वॉटच्या जागी ५५ वॉटचा बल्ब चालेल का?

बाळे_नाका

पेट्रोल हॅचबॅक आहे, फॉग लॅम्प कंपनीतूनच आलेले. बल्बच्या बुडावर एच१६ (बल्बचा प्रकार), १२ व्होल्ट, १९ वॉट असं छापलंय. हिवाळ्यात पहाटे सोलापूर-पुणे रस्त्याने जाणं असतं. टेंभुर्णी सोडल्यापासून भिगवणपर्यंत, उजनीच्या पाण्याच्या बाजूला धुकं दाट असतं. त्यात गाळपाचा हंगाम, म्हणजे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या, मागं ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. डावा फॉग लॅम्प उजव्यापेक्षा मंद वाटतो. दुकानात तीन पर्याय सांगितले: एच११ हॅलोजन ५५ वॉट ("होल्डर तोच, फक्त एक कान घासावा लागेल"), १०० वॉटचा हॅलोजन, नाहीतर ६५०० केल्विनचा (म्हणजे निळसर पांढऱ्या उजेडाचा) एलईडी. कोणता घ्यावा? गाडी वॉरंटीत आहे, वायर कापायची नाही.

तारजोड

पहिले दोन तर अजिबात नकोत. एच८ (३५ वॉट), एच११ (५५ वॉट) आणि एच१६ (१९ वॉट) दिसायला भावंडं आहेत, पण बुडाचे कान (होल्डरमध्ये अडकणारे दाते) मुद्दाम वेगळे ठेवलेत. जास्त वॉटचा बल्ब कमी वॉटच्या दिव्यात बसू नये म्हणूनच ते आहेत. कान घासला की ती अडवणूक गेली, शिवाय बल्ब किंचित तिरका बसतो आणि ओ-रिंग (पाणी आत न येऊ देणारं रबरी कडं) नीट दाबली जात नाही.

उष्णतेचा हिशोब बघा. १९ चे ५५ म्हणजे जवळपास तिप्पट. एच१६ साठी बनवलेला दिवा छोटा आणि प्लॅस्टिकचा असतो. आधी दिव्यातल्या रिफ्लेक्टरचा (उजेड पुढं फेकणाऱ्या आरशाचा) चकचकीत थर काळपट पडतो, मग होल्डरची कड वितळते, बल्ब तिथंच चिकटतो. तापलेल्या काचेवर खड्ड्यातलं पाणी उडालं की तडा. सोलापूरच्या उन्हाळ्यात बंपरमागची हवा आधीच तापलेली असते, तिथं तर विचारूच नका.

वायरिंगचंही तेच. १९ चे दोन बल्ब मिळून साधारण ३ अँपिअर घेतात. ५५ चे दोन नऊच्या आसपास, १०० चे दोन सोळाच्या वर. फ्यूज उडायला लागला की कुणीतरी मोठा फ्यूज घालतं, आणि मग फ्यूजच्या आधी वायर तापते. आग लागते ती इथूनच.

सिद्धेश्वर_पेठ

एलईडीबद्दल मी सांगतो. रिफ्लेक्टरचा आकार हॅलोजन बल्बमधल्या तारेच्या एका ठरलेल्या जागेवर बेतलेला असतो. एलईडीच्या चिप्स दोन बाजूंना, थोड्या लांब-रुंद असतात, त्यामुळे वरची कटऑफ रेघ (झोताची वरची स्पष्ट कड) विस्कटते. प्रकाश वर गेला की धुकं तोच तुमच्या डोळ्यांत परत पाठवतं, समोर पांढरी भिंत उभी राहते. समोरच्या ड्रायव्हरलाही त्रास. त्यात ६५०० केल्विनचा निळसर उजेड धुक्यात डोळ्यांना जास्त टोचतो. नव्या गाड्यांत कमी करंट दिसला की बॉडी कंट्रोल मोड्यूल (दिवे वगैरे सांभाळणारा गाडीचा कॉम्प्युटर) बल्ब गेला असं समजतं, दिवा लुकलुकतो. एलईडीमागचा पंखा किंवा हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) बंपरच्या अरुंद जागेत मावत नाही तो वेगळा प्रश्न.

पिवळ्या बल्बविषयीही सांगून ठेवतो. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असतात, त्यामुळे सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. पिवळा धुकं फोडतो हे खरं नाही. डोळ्यांना सुसह्य वाटतो, एवढंच. पिवळा मुलामा दिलेल्या बल्बचा उजेड उलट थोडा कमीच असतो.

आणि फॉग लॅम्पने ट्रॉली लांबून दिसेल ही आशा ठेवू नका. त्याचा झोत रुंद आणि जमिनीलगत असतो, कडेची पांढरी पट्टी दिसावी म्हणून. ट्रॉलीसाठी उपाय वेगाचाच: जेवढं दिसतंय तेवढ्यात थांबता आलं पाहिजे. अपर बंद, लोअर आणि फॉग चालू.

तारजोड

आता खरं काम. एक बाजू मंद असेल तर बल्बआधी व्होल्टेज मोजा. हॅलोजनला १० टक्के व्होल्टेज कमी मिळालं की उजेड साधारण ३० टक्के पडतो. इंजिन चालू, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, फॉग लावलेले, बल्ब कनेक्टरमध्येच ठेवून मागच्या बाजूने मल्टिमीटरच्या पिना टेकवा. कनेक्टर काढून मोजलं तर लोड नसतो, आकडा चांगलाच येतो आणि फसवतो.

बाळे_नाका

मोजलं. बॅटरीवर १४.१, उजव्या कनेक्टरला १३.६, डाव्याला ११.९. बॅटरीची निगेटिव्ह आणि डाव्या कनेक्टरची अर्थ (अर्थिंगची, म्हणजे निगेटिव्हची) पिन यांच्यामध्ये १.८ दाखवतंय.

तारजोड

मग बल्ब निर्दोष, तुमची डावी अर्थ खराब आहे. २.२ व्होल्ट गळतायत, त्यातले १.८ एकट्या अर्थमध्ये. ११.९ वर डाव्याचा उजेड उजव्यापेक्षा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कमी पडणारच. कनेक्टरची काळी किंवा तपकिरी वायर धरून मागं जा, बॉडीवर बहुतेक १० च्या पान्याचा बोल्ट सापडेल. बॅटरीची निगेटिव्ह काढा, बोल्ट खोला, रिंग आणि पत्रा बारीक पॉलिश पेपरने चकचकीत करा, घट्ट आवळा, वरून पेट्रोलियम जेली लावा. पुन्हा मोजा, अर्थमधला फरक ०.१ च्या आसपास यायला हवा.

मग हवे तर दोन्ही बाजूंचे बल्ब नवे घाला, एच१६ १९ वॉटच, बुडावर गोलातला ई आणि शेजारी आकडा असलेले. दिवे बंद करून वीसेक मिनिटं गार होऊ द्या. डाव्या बाजूसाठी स्टीअरिंग पूर्ण उजवीकडे वळवा म्हणजे चाकाच्या पुढं जागा होते. फेंडर लायनरचे (चाकाच्या वरच्या प्लॅस्टिक अस्तराचे) दोन-तीन क्लिप आणि स्क्रू काढून लायनर वाकवा. जॅक लावलात तर खाली स्टँड हवाच. कनेक्टरची कुलपी दाबून ओढा, वायर धरून ओढू नका. बल्ब डावीकडे पाव फेरा फिरवला की सुटतो. नवा बुडाला धरूनच बसवा. काचेला बोट लागलं तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नाहीतर तेलकट डागाच्या जागी काच तापून फुगते. ओ-रिंग जागेवर आहे ना बघा. ती दुमडली तर पहिल्याच पावसात आत वाफ धरते.

सिद्धेश्वर_पेठ

शेवटी झोताच्या उंचीचं सेटिंग. सपाट जागा, टायरमध्ये ठरलेली हवा, ड्रायव्हर सीटवर कुणीतरी बसलेलं. भिंतीपासून २५ फुटांवर गाडी उभी करा, दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर तेवढ्यावर खडूने रेघ मारा. झोताची वरची कड त्या रेघेच्या ४ इंच खाली आली पाहिजे. समायोजनाचा स्क्रू बंपरच्या जाळीतून किंवा खालून दिसतो. अर्धा-अर्धा फेरा फिरवून बघत जा.