आई ‘उदास’ की ‘उदासीन’?

तिफण: मंडळी, एक अडचण आहे. अंगणवाडीत वाटायच्या दोन पानी पत्रकाचं भाषांतर माझ्याकडे आलंय. विषय आईचं डिप्रेशन, अँग्झायटी आणि त्यांचा तान्ह्या मुलाच्या वाढीवर होणारा परिणाम. कोशात बघून मी ‘मातेचे औदासीन्य’ असं लिहिलं आणि गावातल्या आशाताईंना वाचून दाखवलं. वाक्य संपायच्या आत त्या म्हणाल्या, “म्हणजे आईला पोराचं काही पडलेलं नाही, असंच ना?” तिथेच अडलोय.

कुंदकळी: बरोबर बोलल्या त्या. उदास आणि उदासीन एकाच घरातले, मूळ अर्थ ‘बाजूला बसलेला’. तुकोबांच्या ‘उदास विचारें वेच करी’मधला उदासही अलिप्तच आहे. पण आजच्या मराठीत दोघांच्या चुली वेगळ्या. उदास माणसाला दुःख असतं, उदासीन माणसाला देणंघेणं नसतं. मतदार उदासीन, प्रशासन उदासीन. त्याच रांगेत आईला बसवलंत की पत्रक राहिलं बाजूला, आरोपपत्र झालं.

गोरखचिंच: मग सरळ ‘नैराश्य’ लिहा की. पेपरवाले तेच लिहितात.

तिफण: तेही करून पाहिलं. ‘बाळंतपणानंतरचे नैराश्य’ ऐकून एका आजीने विचारलं, “का? मुलगी झाली म्हणून?”

पाणकोंबडी: आजींना हसू नका. गोव्यात मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी पाहिलं तर २३ टक्के बायकांना डिप्रेशन होतं. गरिबी आणि नवऱ्याची मारहाण यांच्या जोडीला मुलगा हवा असताना मुलगी होणं हेही कारण त्यात पुढे आलं. त्यांचाच २००३ चा पुढचा अभ्यास तुमच्या पत्रकाच्या जास्त कामाचा. अशा आयांची बाळं सहा महिन्यांची झाली तेव्हा वजनात आणि लांबीत मागे राहण्याचं प्रमाण त्यांच्यात जास्त होतं, बौद्धिक विकासाच्या चाचणीतही ती मागे होती. यासाठी शब्द शोधायची गरज नाही, घरोघरी आहे: ‘बाळसं’. बाळ बाळसं धरत नाही म्हटलं की आपण दूध बघतो, दृष्ट काढतो. आईला झोप लागते का, हे कुणी विचारत नाही.

गोरखचिंच: आमची आजी ‘बाळंतवात’ म्हणायची. जुना शब्द आहे, चालेल का?

कुंदकळी: नको. माझ्या आजोळी ताप, झटके, बडबड, सगळ्यालाच बाळंतवात म्हणत.
पण मला ‘अँग्झायटी’बद्दल जास्त बोलायचंय. तिथे ‘काळजी’ लिहू नका. मराठीत काळजी करतातही आणि घेतातही. एक जीव पोखरते, दुसरीचं कौतुक होतं. बाळंतिणीचं डिप्रेशन ओळखायला एडिनबरा प्रश्नावली म्हणून दहा प्रश्नांची यादी आहे, १९८७ ची, मागच्या सात दिवसांबद्दल विचारणारी. त्यात विनाकारण काळजी वाटते का, असा एक प्रश्न आहे. ओली बाळंतीण म्हणणार, विनाकारण कशी? कारण कुशीत झोपलंय ना! थोरल्याच्या वेळी मी रात्रभर त्याच्या नाकाखाली बोट धरून श्वास चाललाय का बघायचे. दर दहा मिनिटांनी. सासूबाई शेजारणीला अभिमानाने सांगायच्या, किती काळजी घेते बघा! ती काळजी नव्हती, धास्ती होती. ‘धास्ती’ लिहा, नाहीतर ‘जिवाला घोर’.

तिफण: ‘घोर’ आवडला. आता शेवटचा अडथळा. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांचा १९७० च्या दशकातला प्रयोग आहे. बाळाशी खेळणारी आई मध्येच दोनेक मिनिटं चेहरा अगदी स्थिर ठेवते. बाळ आधी हसून बघतं, हात पुढे करतं, आवाज काढतं, शेवटी तोंड फिरवून रडतं. या चेहऱ्याला ‘निर्विकार’ म्हणू?

पाणकोंबडी: निर्विकार साधुसंत असतात. ‘भावशून्य’ म्हणजे पुन्हा आरोप. ‘कोरा चेहरा’ म्हणा. आणि हेही लिहा की प्रयोगात आई परत हसू-बोलू लागते. नाहीतर वाचणाऱ्या बाईला वाटेल, आपण बाळाचं कायमचं वाटोळं केलं. उपचार होतात, बाळही सावरतं, हे खाली बारीक टाइपात नको.

तिफण: असं केलंय: “बाळंतपणाला दोन आठवडे उलटून गेले तरी मन उदास आहे, सारखं रडू येतं, जिवाला घोर लागून बाळ झोपलं तरी झोप येत नाही? हे दुखणं आहे आणि ते बरं होतं. अंगावर काढू नका.” खाली टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, १४४१६.

गोरखचिंच: ‘दुखणं’ की ‘आजार’?

कुंदकळी: दुखणंच. आजार म्हटलं की बाळाला आईपासून लांब ठेवतील.

तिफण: आशाताईंना परत वाचून दाखवलं. ‘घोर’ला मान डोलावली. म्हणाल्या, नंबर मोठा छापा, आणि हे सासूला नि नवऱ्याला उद्देशून लिहा, बाळंतिणीला वाचायला वेळ कुठे असतो.