टोनी कोनिग्लियारो यांची कारकीर्द खरोखर एका चेंडूने संपली का?

प्रश्न (चौकस वाचक):

बॉस्टन रेड सॉक्स या अमेरिकन बेसबॉल संघाचे फलंदाज टोनी कोनिग्लियारो यांच्याविषयी जे काही वाचनात येते, त्यात १८ ऑगस्ट १९६७ या एका रात्रीवरच सगळा भर असतो. फेनवे पार्क या घरच्या मैदानावर कॅलिफोर्निया एंजल्सचे पिचर (चेंडू टाकणारे खेळाडू) जॅक हॅमिल्टन यांचा चेंडू त्यांच्या चेहऱ्यावर आदळला, गालाचे हाड मोडले, जबडा निखळला, डाव्या डोळ्याच्या दृष्टिपटलाला इजा झाली आणि अवघ्या बाविसाव्या वर्षी एका मोठ्या खेळाडूची वाटचाल संपली, असे सर्रास लिहिले जाते. परंतु आकडे पाहिले की हे पटत नाही. १९६९ मध्ये ते परतले आणि त्यांनी २० होम रन (बहुधा चेंडू मैदानाबाहेर धाडून थेट धाव मिळवून देणारे फटके) मारले. १९७० मध्ये तर त्यांनी ३६ होम रन मारले आणि त्यांच्या फलंदाजीवर संघाला ११६ धावा मिळाल्या. हे दोन्ही आकडे त्यांच्या कारकिर्दीतील सर्वोच्च आहेत. मग दुखापतीने कारकीर्द संपली, हे विधान कितपत खरे मानावे?

प्रतिसाद १ (जुना क्रीडारसिक):

प्रश्न अगदी रास्त आहे, पण १९७० च्या आकड्यांवरून डोळा बरा झाला होता असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. उजव्या हाताने खेळणारा फलंदाज पिचरकडे डावा खांदा करून उभा राहतो, त्यामुळे चेंडू प्रथम टिपण्याचे काम मुख्यतः डाव्या डोळ्यावर येते. पिचरच्या हातून सुटलेला वेगवान चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत प्लेटपर्यंत (फलंदाज उभा असतो त्या जागेपर्यंत) पोहोचतो, आणि तेवढ्या वेळात त्याची खोली, फिरकी आणि दिशा ओळखायला दोन्ही डोळ्यांची जोडी लागते. कोनिग्लियारो यांच्या डाव्या डोळ्याच्या मध्यभागीच अंध ठिपका तयार झाला होता. चेंडूकडे सरळ न पाहता किंचित बाजूला पाहायचे आणि डोळ्याच्या कडेने तो पकडायचा, अशी सवय त्यांनी स्वतःला लावून घेतली. ३६ होम रन मारणारा फलंदाज अशा नजरेने खेळत होता, हे ध्यानात घेतले की १९७० चा हंगाम बरे झाल्याची खूण न राहता पराकाष्ठेच्या जिद्दीचा पुरावा ठरतो.

तत्पूर्वी त्यांनी काय सोसले, तेही पाहावे. १९६७ चा उरलेला हंगाम आणि १९६८ चा संपूर्ण हंगाम हातचा गेला. रेड सॉक्सने १९६७ मध्ये अमेरिकन लीग या दोन प्रमुख लीगपैकी एकीचे विजेतेपद मिळवून वर्ल्ड सिरीज ही अंतिम मालिका गाठली, ती सेंट लुइस कार्डिनल्सविरुद्ध सातव्या सामन्यात गमावली, आणि हे सारे त्यांना मैदानाबाहेरून पाहावे लागले. फलंदाजी जमणार नाही असे वाटून १९६८ च्या शरद ऋतूत त्यांनी फ्लोरिडात पिचर होण्याचाही प्रयत्न केला. ८ एप्रिल १९६९ रोजी बाल्टिमोरमध्ये पुनरागमनाच्या पहिल्याच सामन्यात, नेहमीच्या नऊ डावांनंतरच्या जादा दहाव्या डावात, त्यांनी होम रन मारला. फेनवे पार्कमध्ये पिचरच्या मागे बसलेल्या प्रेक्षकांच्या पांढऱ्या शर्टांमुळे त्यांना चेंडू दिसेना, म्हणून मधल्या स्टँडचा एक भाग मोकळा ठेवला गेला. ज्या फलंदाजाला प्रेक्षकांचे शर्ट नडतात, त्याच्या दृष्टीची अवस्था काय असेल, याची कल्पना यावरून करता येते.

१९७० चा हंगाम संपताच क्लबने त्यांना एंजल्सकडे पाठवले. तिथे डोकेदुखी आणि धूसर दिसणे वाढले. जुलै १९७१ मध्ये ओकलंडविरुद्ध वीस डाव चाललेल्या सामन्यात ते आठ वेळा फलंदाजीला आले, एकही हिट (बेसवर पोहोचवणारा फटका) मिळाली नाही, पाच वेळा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद) झाले, आणि सामना संपल्यावर काही तासांतच त्यांनी निवृत्ती जाहीर केली. १९७५ मध्ये त्यांनी बॉस्टनकडून पुन्हा प्रयत्न केला, पण तो २१ सामन्यांतच थांबला. माझ्या मते कारकीर्द एका चेंडूने संपली हे खरेच आहे. फक्त ती त्या क्षणी न संपता झिजत झिजत संपली.

प्रतिसाद २ (आकडेमोड):

वरील विवेचनाशी बहुतांशी सहमत आहे, तरीही अशा कथांबाबत सावध राहावे. क्लीव्हलंडचे पिचर हर्ब स्कोअर यांच्याबद्दलही हेच सांगितले जाते. १९५५ आणि १९५६ या पहिल्या दोन हंगामांत २४५ आणि २६३ फलंदाजांना स्ट्राइकआउट करणाऱ्या या तरुणाच्या डोळ्यावर ७ मे १९५७ रोजी फलंदाज गिल मॅकडुगल्ड यांनी मारलेला चेंडू आदळला, आणि त्यानेच त्यांचा खेळ बिघडला असे सगळे धरून चालले. स्वतः स्कोअर मात्र सांगत राहिले की डोळा सुधारला होता, घात केला तो १९५८ मधील हाताच्या दुखापतीने. लोकांना एक नाट्यमय क्षण हवा असतो. खेळाडूचे शरीर बऱ्याचदा निराळीच हकिकत सांगते.

कोनिग्लियारो यांच्या बाबतीत नुकसान किती झाले, हे आधीच्या आकड्यांवरून कळते. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी २४ होम रन, विसाव्या वर्षी ३२ होम रन मारून अमेरिकन लीगमधील हंगामात सर्वाधिक होम रन मारणारा सर्वांत तरुण खेळाडू, आणि त्या रात्रीपर्यंत एकूण १०४. शेवटी बेरीज १६६ वर थांबली.

चौकस वाचक:

दोघांचेही मनःपूर्वक आभार. डोळ्याच्या कडेने पाहण्याची माहिती मला नवीन होती. आणखी एक विचारतो: त्या अपघातामुळेच हेल्मेटला कानाचे झाकण सक्तीचे झाले, हे बरोबर आहे का?

प्रतिसाद ३ (नियमांचा अभ्यासक):

इतके सरळ नाही. डोक्याला चेंडू लागून फलंदाज रे चॅपमन यांचा मृत्यू १९२० मध्ये झाला, तरी फलंदाजांना हेल्मेट सक्तीचे व्हायला १९७१ उजाडले. कानाचे झाकण नव्या खेळाडूंना सक्तीचे झाले ते १९८३ मध्ये, म्हणजे या घटनेनंतर सोळा वर्षांनी. कोनिग्लियारो यांच्या हेल्मेटला झाकण नव्हते आणि पुढे या विषयावर बोलताना त्यांचे उदाहरण वारंवार दिले गेले, एवढे निश्चित. पण ते झाकण कान आणि कानशील सांभाळते. चेंडू लागला होता डोळ्याखाली, गालाच्या हाडावर. हल्ली अनेक फलंदाज गाल झाकणारी जी पट्टी लावतात, तिचा त्या जागी अधिक उपयोग झाला असता.

फलंदाज जियानकार्लो स्टँटन यांच्या चेहऱ्यावर सप्टेंबर २०१४ मध्ये असाच चेंडू बसून हाडे मोडली होती. त्यांची दृष्टी मात्र शाबूत राहिली. ते पुढच्या हंगामात चेहऱ्याला संरक्षक जाळी लावून उतरले आणि २०१७ मध्ये त्यांनी ५९ होम रन मारले. कोनिग्लियारो यांच्याकडून नेमके काय हिरावले गेले, याचा अंदाज मला या तुलनेतून येतो.