हबलच्या इन्फ्रारेड चित्रातला आधीच्या ताऱ्याचा डाग: वजा करू की झाकू?

निहारिका: मदत हवी आहे. हबलच्या डब्ल्यूएफसी३ कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड चॅनलचा अर्काइव्हमधला डेटा, फिल्टर एफ१६०डब्ल्यू, लागोपाठ चार एक्स्पोजर (स्वतंत्र टिपलेली चित्रं). दीर्घिकेच्या कडेला एक धूसर गोल डाग आहे; कॅटलॉगमध्ये त्या जागी काहीच नाही. पहिल्या एक्स्पोजरमध्ये ठळक, चौथ्यात जेमतेम दिसतो. कॉस्मिक रे (डिटेक्टरवर आदळणारे अंतराळातले कण) यांच्या खुणा काढूनही तो जात नाही. मला नेमकी तीच फिकट कड मोजायची आहे.

पिक्सेलवेडा: पर्सिस्टन्स दिसतोय, म्हणजे आधीच्या निरीक्षणातल्या प्रखर ताऱ्याची डिटेक्टरवर रेंगाळलेली छाप. चारही एफएलटी फाइल्स (प्रत्येक एक्स्पोजरची कॅलिब्रेट केलेली फाइल) आकाशावर न जुळवता, कच्च्या पिक्सेलनुसार आलटून पालटून पाहा. दीर्घिका डिदरप्रमाणे (दोन एक्स्पोजरमध्ये दुर्बीण मुद्दाम जराशी सरकवतात, त्याप्रमाणे) सरकेल, डाग त्याच पिक्सेलवर राहील.

प्रखर ताऱ्याने पिक्सेल भरत जातो तसा त्याच्या डायोडचा डिप्लिशन भाग (मुक्त प्रभार नसलेला पट्टा) आकसतो आणि तिथल्या दोषांत इलेक्ट्रॉन-होल अडकतात. रिसेटने पिक्सेल रिकामा होतो, हे अडकलेले प्रभार मात्र सावकाश सुटतात. सुटणं संथ असल्याने रॅम्पमध्ये (एकाच एक्स्पोजरमध्ये पुन्हा पुन्हा वाचलेल्या, वाढत जाणाऱ्या सिग्नलमध्ये) उडी दिसत नाही, म्हणून कॉस्मिक रेची पायरी फसते.

घट साधारण १/t ने होते (t म्हणजे गेलेला वेळ). पिक्सेलवर १ लाख इलेक्ट्रॉनांइतका प्रकाश पडला असेल तर १००० सेकंदांनी सेकंदाला सुमारे ०.३ इलेक्ट्रॉन, डार्क करंटच्या, म्हणजे अंधारातही डिटेक्टरमध्ये साचणाऱ्या सिग्नलच्या पातळीला (०.०५ च्या आसपास) यायला दीडेक तास हवा. तो तारा या डेटाच्या प्रपोजलमधला (निरीक्षण-प्रकल्पातला) नसेलही. या एक्स्पोजरच्या आधीच्या काही तासांतली सगळी इन्फ्रारेड निरीक्षणं तपासा, विशेषतः ग्रिझम (प्रकाशाचा वर्णपट पसरवणारी) आणि स्पेशियल स्कॅन (तारा डिटेक्टरवरून सरकवत नेणारी). त्यांचे मात्र पट्टे उमटतात.

निहारिका: डाग सरकत नाही, खात्री केली. अर्काइव्हमध्ये पर्सिस्ट नावाची, पर्सिस्टन्सचा अंदाज देणारी मॉडेल फाइल मिळाली. ती सरळ वजा करू का?

पिक्सेलवेडा: तुमच्या कामासाठी नको. मॉडेल सरासरी वर्तनावर बेतलेलं आहे. प्रत्यक्षात पिक्सेल किती वेळ भरलेला राहिला यावरही डाग ठरतो. वजाबाकीनंतर उरलेला अंश फिकट कडेइतकाच असू शकतो.

मॉडेलमध्ये ०.०१ इलेक्ट्रॉन प्रति सेकंदाच्या वर असलेले पिक्सेल घ्या, हा मास्क (झाकायच्या पिक्सेलचा नकाशा) एक-दोन पिक्सेलने फुगवा आणि एफएलटीच्या डीक्यू थरात (प्रत्येक पिक्सेलची गुणवत्ता नोंदवणाऱ्या) त्यांना ४ हा फ्लॅग, म्हणजे 'खराब पिक्सेल'ची खूण, जोडा. आधीचे फ्लॅग पुसू नका, बिटवाइज ऑर वापरा (जुन्या खुणा राखून नवी जोडणारी क्रिया). मग ॲस्ट्रोड्रिझल (एक्स्पोजर जुळवून एकत्र करणारा प्रोग्रॅम) पुन्हा चालवा. त्याच्या फायनल बिट्समध्ये (चालवून घ्यायच्या फ्लॅगच्या यादीत) ४ असेल तर काढा, नाहीतर मास्क वाया जाईल.

आणि वेट नकाशा (अंतिम चित्रात कुठे किती एक्स्पोजरचा वाटा आहे ते दाखवणारा) नक्की पाहा. डिदरची पावलं डागापेक्षा लहान असतील तर मधोमध चारही एक्स्पोजर बाद होऊन भोक पडेल. तसं झालं तर फक्त चौथं एक्स्पोजर वजाबाकी करून तिथे वापरा, त्यात डाग सर्वांत क्षीण आहे.