मदत हवी आहे: लातूर, बोअरचं पाणी, दोन फुटी टाकी, मासे मरायलेत

औसा_रोड

नमस्कार मंडळी. घरात कोण काय पाळतं याच्या गप्पांत इथं कुत्र्या-मांजरांचंच राज्य असतं. मासेवाले कमी दिसतात, तरी विचारतो.

टाकी २ फूट लांब, १ फूट रुंद, १ फूट उंच. काचेचं झाकण. ४ गोल्डफिश, ६ निऑन टेट्रा, २ मॉली. पाण्यात बुडवायचा मोटारवाला फिल्टर, आत स्पंज. पाणी बोअरचं, टीडीएस (विरघळलेले क्षार) मीटर ११०० दाखवतंय. दर रविवारी सगळं पाणी काढून वाळू आणि स्पंज नळाखाली स्वच्छ धुतला जातो. मे लागल्यापासून मासे मरायलेत. निऑन सगळे गेले. गोल्डफिश सकाळ-सकाळी वर येऊन तोंड उघडझाप करतात, कल्ले लालभडक दिसतात. दुकानदार म्हणतो बोअरचं पाणी जड आहे, आरओचं भरा. भरू का? काय चुकायलंय?

तेरणाकाठ

नुसतं आरओ भरू नका, उरलेलेही जातील. त्यात क्षार जवळपास नसतात, त्यामुळं पीएच (पाण्याच्या आंबटपणाचं माप) धरून ठेवणारं काही उरत नाही. माशांची घाण साठली की पीएच एकदम घसरतो. शिवाय ११०० मधला मासा एका दिवसात ५० मध्ये टाकला तर त्याचं शरीर ते झेपवू शकत नाही.

जड पाण्यानं मॉली मरत नाही, उलट तिला तेच मानवतं. निऑनचं वेगळं आहे. तो मऊ, आंबट पाण्यातला मासा, लातूरच्या बोअरमध्ये तो टिकणारच नव्हता. गोल्डफिशला जडपणा चालतो, उकाडा चालत नाही.

खरी गडबड रविवारच्या धुलाईत आहे. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. स्पंजवर आणि वाळूवर राहणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे जिवाणू पुरते बसायला ४ ते ६ आठवडे लागतात. तुम्ही दर आठवड्याला ते नळाखाली धुऊन टाकता, म्हणजे टाकी कायम पहिल्याच आठवड्यात राहते. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं, पण अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. थेंब टाकून रंग बघायचं अमोनियाचं किट मिळतं, पीएचचंही मिळतं. दोन्ही आणा आणि आकडे इथं टाका. त्याशिवाय पुढचं बोलण्यात अर्थ नाही.

परभणीचा_पंखा

आधी ते काचेचं झाकण काढा, जाळी टाका. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३५ अंशांना तो ७ च्या खाली येतो. आणि पाणी तापलं की माशाची गरज मात्र वाढते.

मराठवाड्यातल्या कोरड्या उन्हाळ्याचा एक फायदा आहे: कूलर जसा इथं चालतो तसा टाकीवरचा पंखाही चालतो. लहान टेबल फॅन किंवा कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा फॅन पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा मारेल असा बसवा. ३-४ अंश सहज उतरतात. पहिला पाऊस पडून हवा दमट झाली की तो फरक कमी होतो, पण तोवर उकाडाही ओसरलेला असतो.

या पद्धतीत पाणी भराभर आटतं. दोन फुटी टाकीतून दिवसाला लिटर-दीड लिटर गेलं तर नवल वाटू देऊ नका. वाफ होते ती पाण्याची, क्षार मागंच राहतात. आटलेलं भरून काढायला पुन्हा बोअरचंच ओतलं तर जूनपर्यंत टीडीएस १५०० पार जाईल. ही भर मात्र आरओच्या पाण्याची घालायची. आरओचं वाया जाणारं नळीतलं पाणी चुकूनही नको, त्यात टीडीएस बोअरपेक्षा जास्त असतो.

बर्फ थेट टाकू नका. १ लिटरची गोठवलेली बाटली ५० लिटर पाण्याला जेमतेम २ अंशांनी थंड करते, तेही दोन तासांत परत चढतं. अशा हेलकाव्यांनी मासा जास्त खचतो. ४३ अंशांच्या दुपारी वेळ मारून न्यायला ठीक आहे, रोजचा उपाय नव्हे.

औसा_रोड

किट आणलं. अमोनिया १ पीपीएम (लिटरमागे १ मिलिग्रॅम), पीएच ८.२, पाणी ३३ अंश. १ म्हणजे जास्त का? आकडा तर लहान दिसतोय.

तेरणाकाठ

तुमच्या पीएचला तो लहान नाही. पाण्यातल्या अमोनियाचा काही भाग निरुपद्रवी रूपात असतो, काही मोकळ्या, विषारी रूपात. पीएच ७ आणि २५ अंशांना विषारी भाग अर्धा टक्का. पीएच ८.२ आणि ३३ अंशांना तोच १३ टक्क्यांच्या घरात, म्हणजे वीसपटीहून जास्त. कल्ले लाल होतात ते यानं. हीच टाकी जानेवारीत तग धरते आणि मेमध्ये कोसळते, कारण जड पाणी, उकाडा आणि धुतलेला स्पंज हे तिन्ही एकत्र येतात.

आता करायचं ते:

आज ३० टक्के पाणी बदला, उद्या पुन्हा ३० टक्के. पूर्ण नाही. नवं पाणी बोअरचंच, पण बादलीत काढून हवेचा पंप लावून रात्रभर ठेवलेलं. ताज्या बोअरच्या पाण्यात ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. गच्चीवरच्या टाकीतलं दुपारचं पाणी नको, ते हाताला चटका देतं. पहाटे भरून ठेवा आणि बदलताना दोन्हींच्या तापमानात २ अंशांपेक्षा जास्त फरक नको.

तीन दिवस खाणं बंद. मासे उपाशी मरत नाहीत, खाण्यानं मात्र अमोनिया वाढतो.

खडे मीठ लिटरला १ ग्रॅम, वेगळ्या भांड्यात विरघळवून दोन-तीन वेळा विभागून. अमोनियावर त्याचा उपयोग नाही, पण पुढच्या टप्प्यात नायट्राइट वाढेल तेव्हा मिठातलं क्लोराइड ते माशाच्या रक्तात शिरू देत नाही. हे मीठ वाफेबरोबर जात नाही, म्हणून पुढं फक्त बदललेल्या पाण्याइतकंच घालायचं.

स्पंज यापुढं टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीतच दोनदा पिळायचा. काळपट राहिला तर राहू द्या. ओळखीच्या कुणाच्या निरोगी, जुन्या टाकीतला वापरलेला स्पंज मिळाला तर तो ओलाच आणून तुमच्या फिल्टरमध्ये कोंबा, काही आठवडे वाचतील.

नंतर दर आठवड्याला २५ टक्के पाणी. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या गावात टाकी अख्खी उपसायचा सल्ला कुणी देऊही नये. आणि काढलेलं पाणी कुंड्यांना चांगलं, मीठ घातलेलं असेपर्यंत नको.

जालना_जाळी

टँकरचं किंवा नगरपालिकेचं पाणी घ्यायची वेळ आली तर त्यातलं क्लोरीन घालवावं लागेल. सोडियम थायोसल्फेटचे खडे १० ग्रॅम, १०० मिली पाण्यात विरघळवून बाटलीत ठेवा. १० लिटरला १ मिली. टँकरला ब्लीचिंगचा वास मारत असेल तर २ मिली. पाणी बदलल्यावर तासाभरात मासे सैरावैरा धावले तर क्लोरीन नाहीतर तापमान. रोज पहाटेच धापा टाकत असतील तर ऑक्सिजन. वेळेवरून निम्मं निदान होतं.

आणखी एक. खोलीत डासांचं लिक्विड लावता का? त्यातली पायरेथ्रॉइड जातीची औषधं माशांना फार विषारी असतात आणि हवेचा पंप खोलीतली हवा थेट पाण्यात ढकलतो. गल्लीत धुराची गाडी आली की खिडक्या बंद, टाकीवर ओलं फडकं, पंप बंद, आणि धूर विरला की लगेच चालू.

औसा_रोड

पंपाचं बरं काढलंत. आमच्याकडं दुपारी तीन-तीन तास लाइट नसते. तेव्हा काय?

परभणीचा_पंखा

यूएसबीवर चालणारा ५ व्होल्टचा छोटा पंप घ्या, पॉवर बँकेवर तासन् तास चालतो. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा, नाहीतर नळीत उलटझडप बसवा. खाली ठेवला आणि लाइट गेली तर पाणी नळीतून उलटं पंपात उतरतं. मग पंपही जातो आणि जमिनीवर तळं.

पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर लावलात तर हवा आणि गाळण दोन्ही एकाच पंपात होतं. बंद डब्याच्या फिल्टरला हे जमत नाही. तीन-चार तास बंद राहिला की आतले जिवाणू ऑक्सिजनवाचून मरायला लागतात, तेव्हा तो धुतल्याशिवाय परत चालू करू नये.

मोंढा_नाका

एवढी कटकट कशाला भाऊ, एक राघू आणा की. मिरची-पेरू खातो, बोलतो पण.

तेरणाकाठ

राघू पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, बाजारात कितीही उघड विकत असले तरी. पाठीवर चांदण्या असलेलं कासवही तसंच. पक्षीच हवा तर बजरी किंवा कॉकटिएल (छोटे परदेशी पोपट). पण धागा माशांचा आहे.

औसा_रोड

निऑनच्या जागी काय टाकू?

जालना_जाळी

आधी काही टाकू नका. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही सलग दोन आठवडे शून्य येऊ द्या. गोल्डफिश घाण फार करतो, ५० लिटरमध्ये ४ म्हणजे गर्दीच. दोन ठेवा, किंवा मोठ्या टाकीवाल्याला चारही देऊन टाका.

मग आपल्या पाण्याला साजेसे मासे घ्या: मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल, गप्पी. डासांच्या अळ्या खायला हिवताप खात्याकडून हौदात सोडतात ते हेच गप्पी, मराठवाड्याच्या जड पाण्यात बिनतक्रार वाढणारे. एका नराला दोन-तीन माद्या ठेवा, नाहीतर नर माद्यांना छळून मारतात. पिल्लं इतकी होतील की वाटावी लागतील, पण तलावात-ओढ्यात सोडू नका, तिथल्या देशी माशांची अंडी-पिल्लं ते खातात.

पहिल्या आठवड्यात ३, मग दोन आठवडे थांबून पुढचे ३. पिशवी १५ मिनिटं टाकीवर तरंगू द्या, नंतर दर पाच मिनिटांनी वाटीभर टाकीचं पाणी पिशवीत, असं तासभर. दुकानदार पुण्याकडचं मऊ पाणी वापरत असेल तर दोन तास. मासा जाळीनं उचलून टाकीत, पिशवीतलं पाणी मोरीत.