सातवीतली लेक शाळेच्या समुपदेशकांना भेटते, मला मात्र काहीच कळत नाही

सातवीतल्या मुलीची आई, नाशिक

नमस्कार. माझी लेक सातवीत आहे, सेमी-इंग्रजीला. दिवाळीनंतर गणिताच्या तासाला तिचं पोट दुखायला लागलं, शाळेतून घ्यायला या म्हणून फोन यायचे. डॉक्टर झाले, सोनोग्राफी झाली, काही निघालं नाही. मग वर्गशिक्षिकांनी तिला समुपदेशक ताईंकडे पाठवलं. आता ती दर आठवड्याला त्यांना भेटते. घरी विचारलं की "बोलले ताईंशी" एवढंच उत्तर. ताईंना फोन केला तर म्हणाल्या, "ती सुरक्षित आहे. पण तिने काय सांगितलं ते तिला विचारल्याशिवाय मी सांगणार नाही." मी आई आहे, मला कळायला नको का? सासूबाईंना भीती वाटते की उद्या दाखल्यावर काहीतरी शेरा येईल. हे बंद करावं का?

शाळा समुपदेशक, कोल्हापूर

ताई, बंद करू नका. आणि सासूबाईंना आधी सांगा, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर समुपदेशनाचा रकानाच नसतो. माझ्या नोंदी माझ्या कपाटात कुलपात असतात, त्या प्रगतिपुस्तकाला जोडत नाहीत.

मी सहावी ते आठवीच्या मुलांसोबत काम करते. या वयात मुलं फार मोठं दुःख घेऊन येतात असं नाही. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढलं. डबा खायला कुणी जवळ बसवत नाही. पाळी शाळेत आली आणि ड्रेसला डाग पडला. आवाज फुटला म्हणून प्रार्थनेला हसले. मोठ्यांना हे किरकोळ वाटतं. त्या मुलाचा मात्र अख्खा दिवस त्यात जातो, आणि ते शब्दांत सांगता येत नाही म्हणून पोट दुखतं. ते दुखणं खरं असतं. "नाटकं करू नकोस" हे वाक्य घरात कुणी म्हणत असेल तर ते आजच थांबवा.

पोट गणिताच्याच तासाला दुखतं म्हणून कारण गणितच असेल असं धरून चालू नका. मी मुलांसमोर आठवड्याचं वेळापत्रक ठेवते आणि बरे-वाईट तास रंगवायला सांगते. मग कधी कळतं की अडचण विषयाची नाही, त्या तासाला बदलून बसावं लागतं त्या बाकाची आहे. कधी फळ्यावर गणित सोडवताना मागून होणाऱ्या कुजबुजीची. असं काही कळलं की मूल हो म्हणेल तेवढंच मी वर्गशिक्षकांशी बोलते. बाक बदलून प्रश्न सुटत असेल तर तो बदलणं हेही माझंच काम. औषध देणं, निदान करणं माझं काम नाही. तशी गरज वाटली तर मी पालकांना बोलावून मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते.

आता न सांगण्याबद्दल. पहिल्याच भेटीत मी मुलांना सांगते की इथलं बोलणं माझ्यापाशी राहील, फक्त तू स्वतःला इजा करणार असशील, दुसऱ्या कुणाला धोका असेल किंवा तुला कुणी त्रास देत असेल, तर मला सांगावंच लागेल. लैंगिक अत्याचार असेल तर पोक्सो कायद्याच्या (2012) कलम 19 नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तिथे कुणी दडपायला सांगितलं तरी मी गप्प बसत नाही. तेव्हा तुमच्या ताई "ती सुरक्षित आहे" म्हणाल्या, त्यात तुम्हाला कळायलाच हवं असं बरंच काही त्यांनी सांगितलंय.

मुलाचे बाबा, मुंबई

आमचा मुलगा सहावीत असताना शाळेच्या काउन्सेलरनीच लक्षात आणून दिलं की तो आकडे उलटे लिहितो, पाढे पाठ होऊनही विसरतो. त्यांनी सायन हॉस्पिटलला तपासणीसाठी पाठवलं. खेटे बरेच घालावे लागले, पण डिसकॅल्क्युलियाचं, म्हणजे आकडे आणि गणित शिकण्यातल्या अडचणीचं, प्रमाणपत्र मिळालं. आता परीक्षेत जादा वेळ मिळतो. मूल आळशी नाही हे आम्हाला त्या बाईंमुळे कळलं. गणिताची ही बाजूही एकदा तपासून घ्या.

वर्गशिक्षक, परभणी जिल्हा

आमच्या शाळेत समुपदेशकच नाही. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की 100 किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. गावाकडे तो येईल तेव्हा येईल. तोवर साठ मुलांच्या वर्गात मी काय करू?

सातवीतल्या मुलीची आई, नाशिक

मनापासून आभार सगळ्यांचे. ताई, मी शाळेत जाऊन त्यांना भेटले तर लेकीला राग येईल का? आणि घरी काय विचारू?

शाळा समुपदेशक, कोल्हापूर

तिच्या नकळत जाऊ नका. "मला पण ताईंना भेटायचंय, तू सोबत येशील?" असं विचारा. तिघींची भेट मागा. काय सांगायचं ते लेक आणि ताई आधी ठरवतील. भेटीच्या दिवशी घरी आल्या आल्या काही विचारू नका, आधी खायला द्या. स्वयंपाक करताना, गाडीवरून जाताना मुलं आपणहून बोलतात. बोलली तर लगेच उपाय सुचवू नका, पूर्ण ऐका. आणि मुंबईच्या दादांनी सांगितलेली तपासणीची गोष्ट ताईंच्या कानावर नक्की घाला.

सर, कुणालाही सगळ्यांसमोर "तुला समुपदेशनाची गरज आहे" म्हणू नका, ते मूल पुन्हा तोंड उघडत नाही. रोज मधल्या सुट्टीत एका ठरलेल्या जागी बसा, वही न तपासता. मुलं पाहत असतात, हळूहळू येतात. 1098 ही चाइल्ड हेल्पलाइन आणि 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक ऑफिसच्या फलकावर न लावता मुला-मुलींच्या स्वच्छतागृहाबाहेर लावा, तिथे कुणी बघत नसताना वाचता येतो. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाला मुख्याध्यापकांच्या सहीने पत्र द्या आणि महिन्यातून एकदा कुणी शाळेत येऊ शकेल का विचारा. पत्राचा मसुदा हवा असेल तर मी इथेच टाकते.