‘फॅक्टरी व्हेरिएशन’ला मराठीत काय म्हणावं?

रत्नागिरी : जुन्या रिव्हॉल्व्हरच्या टिपणांचं मराठी करताना ‘फॅक्टरी व्हेरिएशन’पाशी अडलंय. ‘कारखान्यातला फेरफार’ लिहिलं होतं, ते एकाने खोडलं. फेरफार म्हटला की मागाहून कोणीतरी हात लावल्यासारखं वाटतं, असं म्हणणं. भाग तर कारखान्यातूनच वेगळा आलाय. मग शब्द कोणता?

दापोली : खोडलं ते बरोबरच. फेरफार सातबाऱ्याचा, तिथे आधीची नोंद बदलते. ‘पाठभेद’ घ्या. एकाच पोथीच्या दोन प्रती, दोन्ही अस्सल.

मालवण : पाठभेद नकलाकाराच्या चुकीनेही होतो. कारखाना कारणाशिवाय भाग बदलत नाही. स्मिथ अँड वेसन या अमेरिकन कंपनीच्या रिव्हॉल्व्हरचा एजेक्टर रॉड बघा, रिकाम्या पुंगळ्या बाहेर ढकलायचा दांडा. 1960 च्या सुमारापर्यंत त्याला सरळ आटे होते. सिलिंडर, म्हणजे गोळ्यांच्या खणांचं फिरतं चाक, मागून पाहिला तर घड्याळाच्या उलट फिरतो. बार काढता काढता रॉड सैल होतो, पुढे सरकतो, नळीखाली अडकतो आणि सिलिंडर उघडतच नाही. म्हणून उलटे आटे आले, सायकलच्या डाव्या पायडलला असतात तसे. उलट्या आट्याचा रॉड जुन्या एक्स्ट्रॅक्टरला, म्हणजे पुंगळ्या उचलणाऱ्या चकतीला, बसत नाही, जोडीच बदलावी लागते. तेव्हा 1950 च्या नगात उलटे आटे दिसले तर ते नंतरचं काम समजा. आणि रॉड आवळताना समोरासमोरच्या खणांत रिकाम्या पुंगळ्या घालाच, नाहीतर एक्स्ट्रॅक्टरच्या बारीक खुंट्यांवर सगळा जोर येऊन त्या तुटतात.

वेंगुर्ले : मग आपल्याकडचेच शब्द आहेत की! आंबा जसा उगवला तसा तो रायवळ, दुसऱ्याची काडी बांधली ते कलम. दोन नगांचे भाग जोडलेला तो ‘कलमी’.

दापोली : कोकणात कलमी म्हणजे वरचढ, भाव जास्त. जोडलेल्या रिव्हॉल्व्हरचा भाव पडतो. वाचणारा नेमका उलटा अर्थ घेईल.

अलिबाग : शिवाय एकाच खुणेमागे दोन्ही गोष्टी असू शकतात. एनफिल्ड नंबर 2, ब्रिटिश लष्कराचा रिव्हॉल्व्हर, आला 1932 मध्ये. त्याच्या 1938 च्या मार्क 1 स्टार या सुधारित प्रकारात घोड्याचं, अंगठ्याने चढवायचं, मागचं टोक काढलं, रणगाड्यात कुठेकुठे अडकायचं म्हणून. काही नग तसेच घडले, कितीतरी जुने नंतर तसे करून घेतले. पहिल्यांना ‘मूळ भेद’ म्हणा, दुसऱ्यांना ‘फेरफार’. ठरवताना शिक्का बघायचा. ‘मार्क 1’ या जुन्या खुणेशेजारी तारा (स्टार) मागाहून ठोकला असेल तर फेरफार.

रत्नागिरी : ‘मूळ भेद’ चालेल. त्याच टिपणात ‘घोडा दाबून बार काढावा’ असंही आहे.

मालवण : ते आधी काढा! बोटाने ओढतात तो चाप. घोडा वरचा, आपटतो तो. ठासणीच्या बंदुकीला विचारा, घोडा चढवतात आणि चाप ओढतात.

वेंगुर्ले : सगळा गाव ‘घोडा ओढला’ म्हणतो, तो चूक कसा?

मालवण : बोलताना म्हणू दे. पण मार्क 1 स्टारचा घोडा अंगठ्याने चढवताच येत नाही, दर बाराला चापच पूर्ण ओढावा लागतो. दोन्हींना घोडा म्हटलं तर हे वाक्य लिहायचं कसं?

वेंगुर्ले : खालचा घोडा, वरचा घोडा. आमच्याकडे चालतं.

दापोली : छापील टिपणात नाही चालणार.